‘माघार’, ‘बाद’ की ‘डावाबाहेर’?

विचारणा : आर्वी तालुक्यातील आमच्या गावी दिवाळीच्या सुटीत मुले ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ चौघे मिळून खेळतात. त्याचे नियम मराठीत लिहून वाचनालयात लावायचे आहेत. खेळाडू मध्येच उठला, तर ‘माघार घेतली’ असे लिहावे का? त्याने दुसऱ्याचे हस्तगत केलेले पत्ते कोणाचे, यावरूनही रोज वाद होतो.

प्रतिसाद : भाऊ, ‘माघार’ टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गावात हा शब्द ग्रामपंचायतीच्या निवडणुकीमुळे रुळला आहे. तेथे माघारीला मुदत असते आणि वेळेत माघार घेणारा पराभूत ठरत नाही. या खेळात खेळाडू केव्हाही, अगदी दुसऱ्याची पाळी चालू असतानाही, हार पत्करू शकतो आणि त्याच क्षणी हरून डावातून बाहेर पडतो. ‘बाद’ही नको, कारण कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. कृतीसाठी ‘हार पत्करणे’ आणि परिणामासाठी ‘डावाबाहेर होणे’ असे दोन शब्द ठेवावेत, म्हणजे आयुष्यगुण संपून हरलेल्यालाही दुसरा शब्द लागू पडेल. ओलिताची मोटर सुरू करायला घरच्यांनी हाक मारली म्हणून उठलेला मुलगा ‘हरलो’ म्हणाला नसेल, तर त्याने हार पत्करलेली नाही, हेही लिहावे.

आता पत्त्यांचे. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ हा न्याय येथे चालत नाही. ज्याच्या गड्डीत पत्ता सुरुवातीला होता तो ‘मालक’, आणि सध्या तो ज्याच्या हुकमात आहे त्याच्याकडे ‘ताबा’. (‘ताबेदार’ मात्र लिहू नये, मराठीत त्याचा अर्थ हुकमाखालचा माणूस असा उलटा होतो.) डावाबाहेर होणाऱ्याच्या मालकीचे सर्व पत्ते, ते कोणाच्याही ताब्यात असोत, त्याच्याबरोबर जातात, त्याला ताबा देणारे परिणाम संपतात, आणि एवढे होऊनही त्याच्या ताब्यात काही उरलेच, तर ते हद्दपार होते, म्हणजे पटावरून उचलून वेगळे ठेवले जाते. पहिल्या खेळाडूने आपला ‘कंट्रोल मॅजिक’ हा पत्ता लावून दुसऱ्याचा प्राणी (म्हणजे प्राण्याचा पत्ता) घेतला असेल, तर पहिला गेल्यावर तो पत्ता जातो आणि प्राणी दुसऱ्याकडे परततो. पण ‘ब्रायबरी’ या पत्त्याने तोच प्राणी दुसऱ्याच्या गड्डीतून थेट पहिल्याच्या ताब्यात उतरला असेल, तर तो हद्दपार होतो, कारण त्याआधी पटावर तो दुसऱ्याच्या ताब्यात कधी नव्हताच. दोन्ही प्रसंगांत दुसरा आधी गेला, तर प्राणी त्याच्याबरोबरच जातो. वाद बहुधा येथेच होत असेल, म्हणून ही दोन्ही उदाहरणे भिंतीवर अवश्य लिहावीत.

उपप्रश्न : आणि जाणाऱ्याचीच पाळी चालू असेल तर?

प्रतिसाद : ती तेथेच तुटत नाही. खेळाडूविना ती शेवटपर्यंत जाते, आणि ‘पाळी संपेपर्यंत’ टिकणारे परिणाम तेव्हाच संपतात. म्हणून ‘पाळी रद्द होते’ असे न लिहिता ‘पाळी खेळाडूविना पूर्ण होते’ असे लिहावे.