मदत हवी आहे: डिप्लोमानंतर बी.ई. करावी की नोकरी?

धाकट्या भावाचा मेकॅनिकल डिप्लोमा झाला, ७८ टक्के. कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) बी.ई.च्या थेट दुसऱ्या वर्षाला पुण्याजवळच्या खाजगी कॉलेजात सीट लागली आहे. शुक्रवारपर्यंत फ्रीझ, म्हणजे पक्की करायची. त्याच वेळी चाकणच्या एका कारखान्यातून ट्रेनी म्हणून बोलावणं आलंय, हातात १६ हजार, कॅन्टीन आणि बस त्यांची.

फी वर्षाला १ लाख ३२ हजार. ओपन कॅटेगरी, उत्पन्न ८ लाखांच्या आत, म्हणजे शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी सुटेल. डेव्हलपमेंट फी, खोली, मेस वेगळं. तीन वर्षांचा हिशेब साडेपाच लाखांवर जातोय. बँकेत विचारलं, ४ लाखांपर्यंत तारण नको म्हणाले. शेत गहाण टाकायचं नाही, हे घरात ठरलंय.

त्याच्या दोन सीनियर्सना फोन केला. एक बी.ई. होऊन त्याच लाइनवर १९ हजारांत आहे! दुसरा म्हणतो, डिप्लोमावाला सुपरवायझरच्या पुढे सरकत नाही. कॉलेजचा प्लेसमेंटचा फलक पाहिला, त्यात मेकॅनिकलची मुलं शोधावी लागतात.

चाकण-रांजणगाव पट्ट्यात असलेल्यांनी सांगा: तीन वर्षं अनुभव असलेला डिप्लोमावाला आणि नवा बी.ई., पगारात खरा फरक किती? आणि नोकरी सांभाळून संध्याकाळची बी.ई. कोणी केली आहे का, शिफ्ट ड्युटीत जमते का?