एफए कप २०२४-२५ (इंग्लंडमधली फुटबॉलची बाद स्पर्धा): ६४ संघ जमतात कसे?

माहीमकर:
पहिल्या फेरीत ८० संघ, मग तिसरीत ६४ कुठून? आमच्या मैदानावर २२ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा आहे, तिथे हेच जमेल का?

कूपरेज कट्टा:
८० चे दुसऱ्या फेरीनंतर २० उरतात. त्यात प्रीमियर लीग या सर्वोच्च लीगचे २० आणि तिच्या खालच्या चॅम्पियनशिपचे २४ थेट येतात, झाले ६४. त्या मोसमापासून पहिल्या फेरीपासूनच पुनर्सामने, म्हणजे बरोबरीनंतर पुन्हा खेळायचे सामने, बंद. बरोबरी झाली की ३० मिनिटं जादा वेळ, मग पेनल्टी. छोट्या क्लबांची पुनर्सामन्यांच्या तिकिटांची कमाई बुडाली ती यातच.

गोलपोस्ट:
२२ ला 'पुढे चाल' (न खेळता पुढच्या फेरीत) पहिल्याच फेरीत द्या. २, ४, ८, १६, ३२ या दुपटीत २२ च्या पुढचा आकडा ३२; ३२ वजा २२, म्हणजे १० संघांना. उरलेले १२ खेळतील, ६ जिंकतील, झाले १६. एकूण सामने २१. नुसत्या जोड्या लावत गेलात तर २२, ११, ६, ३ असं होतं आणि एक संघ उपांत्य सामना न खेळताच फायनलला. मग भांडणं आहेतच! चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा. २०-२० मिनिटांचे हाफ, जादा वेळ नको, थेट पेनल्टी. प्रत्येक सामन्याला तास धरा.

माहीमकर:
१० चिठ्ठ्यांवर फुली मारतो. त्या वर्षीची फायनल?

कूपरेज कट्टा:
१७ मे, आपल्याकडे रात्री ९. क्रिस्टल पॅलेस १, मँचेस्टर सिटी ०. पॅलेसच्या एझेचा गोल १६व्या मिनिटाला, सिटीच्या मार्मूशची पेनल्टी पॅलेसचा गोलकीपर हेंडरसनने अडवली. पॅलेसचा पहिलाच मोठा चषक.