मदत हवी आहे: पक्ष्यांच्या फोटोंसाठी कॅननचा आर७ कॅमेरा आत्ता घ्यावा की त्याच्या पुढच्या आवृत्तीची, मार्क २ ची, वाट पाहावी?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसतं वाचत होतो, लिहितोय पहिल्यांदाच. मी इंदापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. उजनीचं पाणी शाळेपासून चार किलोमीटरवर. रविवारी पहाटे कुंभारगावला होडीत असतो आणि सोमवारी ते फोटो वर्गात दाखवतो. सहावीतली पोरं आता कैकर (मासे पकडणारा शिकारी पक्षी) आणि घार नुसत्या पंखांवरून वेगळे ओळखतात. माझ्या प्रश्नाच्या मुळाशी हे आहे, म्हणून आधी सांगितलं.

माझ्याकडे २०१५ पासून कॅननचाच जुना ७डी मार्क २ कॅमेरा आहे. लेन्स कॅननची ४०० एमएम एफ ५.६, सेकंडहँड. तिला आयएस (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) नाही, पण वजन सव्वा किलो, दिवसभर हातात धरता येते. गेल्या महिन्यात शटरने मान टाकली. १/५०० पर्यंत फोटो ठीक येतो, १/१६०० ला नेलं की फोटोच्या वरच्या कडेला काळा पट्टा. सव्वादोन लाख क्लिक झालेत आणि शटर दोन लाखांसाठीच बनवलेलं होतं, तेव्हा तक्रार नाही. दहा वर्षं उन्हातान्हात राबलाय तो. पण उडत्या सुरयाला १/५०० म्हणजे पंखांच्या जागी नुसती धुरकट रेघ. दुरुस्तीवाल्याने शटर बदलायचा जो खर्च सांगितला, त्यात थोडे घातले तर वापरलेली अख्खी बॉडी मिळते.

बजेट दीड लाख, जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारा अ‍ॅडाप्टर धरून. त्यातले साठ हजार भिशीचे, ते दिवाळीला हातात येतील. लेन्स बदलायची ऐपत नाही आणि इच्छाही नाही, त्यामुळे दुसऱ्या कंपनीकडे जायचा विचार नाही. म्हणजे उरला आर७. बॉडीतच स्टॅबिलायझेशन असल्याने माझ्या लेन्सला थोडा तरी आधार मिळेल, आणि पक्ष्याचा डोळा तो आपणहून पकडतो.

आता अडचण अशी की आर७ जाहीर झाला मे २०२२ मध्ये. तीन वर्षं उलटून गेली, आणि मार्क २ येणार येणार म्हणून रोज काहीतरी वाचायला मिळतं. एक जण वर्षाअखेर म्हणतो, दुसरा पुढचा उन्हाळा. सेन्सर स्टॅक्ड, म्हणजे खूप झटपट वाचला जाणारा, असणार म्हणे. हे खरं निघालं तर आमच्यासारख्यांना मोठा फरक पडेल. आत्ताच्या आर७ मध्ये इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की सेन्सर वरून खाली वाचून व्हायला साधारण १/३० सेकंद जातो, आणि तेवढ्यात पंख जागचा हललेला असतो. फोटोत तो वाकडा येतो. मेकॅनिकल शटरला हा त्रास नाही, तिथे सेकंदाला १५ फोटो मिळतात.

रात्री जेवणं झाली की मी याच बातम्या चाळत बसतो आणि झोपताना सकाळपेक्षा जास्त गोंधळलेला असतो. कारण वाट पाहण्याचे दोन्ही अनुभव माझ्यासमोर आहेत.

माझा एक मित्र निकॉनवाला. डी३००एस जुलै २००९ मध्ये आला, आणि त्याच्या पुढचा डी४०० म्हणून दरवर्षी आवया उठायच्या. मित्र थांबला. डी४०० कधीच आला नाही. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये निकॉनने डी५०० जाहीर केला. साडेसहा वर्षं! पण कॅमेरा इतका सरस निघाला की मित्राला थांबल्याचं दुःख राहिलं नाही. १५३ फोकस पॉइंट, सेकंदाला १० फोटो. त्याने काढलेला खंड्या मी अजून वर्गात लावलेला आहे.

माझं उलटं झालं. २०१७ मध्ये ७डी मार्क ३ येणार अशी जोरदार हवा होती. पहिला ७डी २००९ चा, दुसरा २०१४ चा, म्हणजे तिसरा येणारच असं मी धरून चाललो. जमवलेले पैसे तसेच ठेवले. ऑगस्ट २०१९ मध्ये आला ९०डी, आणि ७डी ची ओळ तिथेच थांबली. तोवर जमवलेले पैसे घराच्या पत्र्यात गेले होते. त्या दोन हंगामांत पहाटेच्या कमी उजेडातले किती फोटो दाणेदार येऊन वाया गेले, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

यंदा पाणी उतरलं की रोहित (फ्लेमिंगो) येतील, पट्टकदंब येतील. उन्हाळ्यात बेटं उघडी पडली की सुरयांची अंडी. हंगाम काही माझ्यासाठी थांबायचा नाही. पण दीड लाख ही माझ्यासाठी दहा वर्षांतून एकदा करायची खरेदी आहे, आणि चार महिन्यांनी नवा आला तर फार लागेल.

कोणी आर७ ला जुनी ४०० लावून उडते पक्षी काढलेत का? आणि या बातम्यांतलं कितपत धरून चालावं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

सर, मी दोन वर्षं आर७ वापरते, मुख्यतः पाणथळ जागी. तुमच्या लेन्सबद्दल निर्धास्त राहा, तुमच्यासारखी जुन्या ईएफ जोडणीची लेन्स अ‍ॅडाप्टरवर चांगली चालते. तुमच्या एलपी-ई६एन बॅटऱ्याही आर७ मध्ये चालतात, तो खर्च वाचला. आरएफ १००-४०० ही नवी लेन्स घ्या असं कोणी सुचवलं तर थांबा. ती हलकी आहे, पण ४०० ला एफ ८ होते. पहाटेच्या उजेडात तुमची ५.६ म्हणजे एक अख्खा स्टॉप जास्त, दुप्पट उजेड.

उणिवाही सांगते. लांब बर्स्ट मारला की बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत साठवणारी मेमरी) भरतो, त्यामुळे बोट दाबून धरायची सवय सोडावी लागते. कार्ड वेगवान यूएचएस-२ प्रकारचंच घ्या, तिथे पैसे वाचवू नका. आणि मागे गवत किंवा फांद्या असल्या की फोकस कधी कधी तिकडे धावतो.

खरं म्हणजे कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. पुण्यात दोन दिवसांसाठी भाड्याने मिळतो. तुमचीच लेन्स लावा, तुमच्याच होडीत बसा.

प्रतिसाद २

गुरुजी, बातम्यांबद्दल मी जे ताडून पाहिलंय ते सांगतो. नव्या कॅमेऱ्यात वाय-फाय आणि ब्लूटूथ असतं, आणि ते विकण्याआधी निरनिराळ्या देशांत त्याची नोंदणी करावी लागते. तिथे मॉडेलचा सांकेतिक क्रमांक दिसला की काहीतरी येतंय एवढं पक्कं. पण त्या क्रमांकावरून कॅमेरा कोणता हे कळत नाही, उरलेलं लोक जोडतात. बॉडीचे फोटो फुटले तर घोषणा जवळ आली समजा. आणि हंगाम पाहा: कॅननचे आर१ आणि आर५ मार्क २ जुलै २०२४ मध्ये जाहीर झाले, पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर. इतके मेगापिक्सेल, तितका वेग, अशी नुसती यादी असेल तर ती बहुतेक वेळा लिहिणाऱ्याची इच्छा असते.

दुसरं, स्टॅक्ड सेन्सर महाग असतो. आर७ मार्क २ उद्या जरी जाहीर झाला तरी तुमच्या दीड लाखात बसेल असं मला वाटत नाही. सवलत तर पहिलं वर्षभर विसराच. तुम्ही नव्या कॅमेऱ्याची वाट पाहताय, पण पैशाच्या हिशोबात तुम्हाला त्याच्याही पुढची दोन वर्षं थांबावं लागेल.

प्रतिसाद ३

सर, मधला मार्ग सांगू का? वापरलेला ७डी मार्क २ घ्या, क्लिक कमी झालेला बघून. लेन्स, बॅटऱ्या, कार्ड सगळं तेच. एक-दोन हंगाम निघतील आणि आर७ मार्क २ चं काय ते निवांत पाहता येईल.

धागाकर्ता

ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. वापरलेला ७डी बघून आलो. बॉडी चांगली होती. पण ताईंनी सांगितल्याप्रमाणे शनिवार-रविवार आर७ भाड्याने आणला आणि त्यानंतर ७डी चा विचार मागे पडला.

रविवारी सहा वाजता होडी काढली. पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडावर यंदाचा पहिला कैकर बसला होता. फोकसचा चौकोन त्याच्या डोळ्यावर जाऊन बसला तो मान फिरवली तरी सुटला नाही. दहा वर्षं मी तो पॉइंट अंगठ्याने सरकवत आलोय, त्यामुळे पहिली पाच मिनिटं हाताला काही कामच उरलं नव्हतं. त्याच्या उड्डाणाचे अकरा फोटो मेकॅनिकल शटरवर, पैकी नऊ लख्ख. दोन वेळा चौकोन मागच्या पाणगवतावर गेला, ताई म्हणाल्या तसाच.

मुद्दाम इलेक्ट्रॉनिकवर एक सुरय काढला. सोमवारी दोन्ही फोटो वर्गात लावले तर पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, सर, याचा पंख मोडलाय का? मग फळ्यावर सेन्सर काढून वरून खाली ओळी कशा वाचल्या जातात ते समजावलं. अर्धा तास त्यातच गेला.

दादांचा पैशाचा हिशोब घरी कागदावर मांडला, तो बरोबर आहे. धनत्रयोदशीला भिशी मिळाली की आर७ घेतोय, बॉडी आणि अ‍ॅडाप्टर, मेकॅनिकल शटरवरच वापरायचा. जुना ७डी १/५०० पर्यंत चालतो, तो शाळेत ठेवणार आहे. बसलेल्या पक्ष्यांना तेवढं पुरतं. आधी कोणाच्या गळ्यात अडकवायचा, यावर सहावीत भांडण लागलंय.