मदत हवी आहे: बाबांना ब्लूटूथ इअरफोन चालतील का?

माऊ_ठाणे
बाबांना फोनवर कीर्तनं ऐकायला ब्लूटूथ इअरफोन आणलेत, कानात घालायचे, डबीवाले. आई म्हणते रेडिएशन असतं, परत कर. नेटवर कुणी कॅन्सर म्हणतंय, कुणी काहीच होत नाही म्हणतंय. परत करायची मुदत उद्या संपतेय. चालतील की नाही एवढंच सांगा, प्लीज.

श्रीरंग_के
चालतील. इअरफोनच्या रेडिओ लहरींची ताकद काही मिलिवॉट. 4जी फोन कानाला लावला तर तो 200 मिलिवॉटपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे फोन टेबलावर ठेवून इअरफोन लावले तर डोक्याला उलट कमीच मिळतं. या लहरींत डीएनए तोडण्याइतका जोर नसतो.

हरित_जीवन
इतकं छातीठोक कसं सांगता? 2011 मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, याच लहरी 2बी गटात टाकल्यात, कर्करोगाची शक्यता म्हणून. वायरवाले घ्या ताई. आम्ही रात्री वायफायही बंद करतो, झोप शांत लागते.

श्रीरंग_के
2बी म्हणजे पुरावा तोकडा. कोरफडीच्या सबंध पानाचा अर्कही त्याच गटात आहे. शक्यता आणि धोका यांत गल्लत नको.

विजू७२
फोनवर स्टार हॅश 07 हॅश दाबा, सार, म्हणजे शरीर फोनच्या लहरी किती शोषतं त्याचं माप, किती ते दिसेल. आपल्याकडे मर्यादा किलोला 1.6 वॉट. आमच्या गच्चीवर टॉवर बसवलाय, त्याची तपासणी कोण करतं?

माऊ_ठाणे
टॉवरचा वेगळा धागा काढा ना. मला उद्याच्या आत ठरवायचंय.

सिस्टर_कोल्हापूर
बाबांचं वय काय? हृदयाचं काही ऑपरेशन, शरीरात एखादं मशीन?

माऊ_ठाणे
74. बीपी आणि शुगरच्या गोळ्या. पेसमेकर आहे, पण मी रेडिएशनचं विचारतेय.

सिस्टर_कोल्हापूर
अहो, हे आधी सांगायचं! लहरींचं सोडा, चुंबकाचं बघा. डबीचं झाकण टपकन बंद होतं ते चुंबकानेच. चुंबक पेसमेकरच्या अगदी जवळ आला तर तो हृदयाचे ठोके न बघता एकाच ठरलेल्या गतीने चालू शकतो. लांब नेला की पूर्ववत होतो. डीफिब्रिलेटरवाला, म्हणजे ठोके बिघडले तर शॉक देणारा असेल तर जास्त गंभीर, गरजेच्या वेळी शॉकच मिळायचा नाही. फोन आणि घड्याळांतल्या चुंबकांमुळे अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारं सरकारी खातं) 2021 मध्ये सहा इंच अंतर ठेवायला सांगितलंय. बाबा डबी कुठे ठेवतात?

माऊ_ठाणे
शर्टाच्या डाव्या खिशात. दुपारी तशीच ठेवून आडवे होतात. मशीनही डावीकडेच, कॉलरबोनच्या खाली.

सिस्टर_कोल्हापूर
आत्ता काढून घ्या. हल्ली चक्कर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी?

हरित_जीवन
मी म्हटलं होतं ना, वायरवालेच घ्या.

सिस्टर_कोल्हापूर
वायरवाल्यांच्या स्पीकरमध्येही चुंबक असतो दादा. काढून खिशात कोंबले किंवा छातीवर लोंबत ठेवले की तोच प्रश्न. गळ्यात अडकवायचे तर नकोतच, त्यांची टोकं चुंबकाने चिकटतात.

माऊ_ठाणे
डबी कपाटावर ठेवली. चक्कर वगैरे नाही म्हणतात. पेसमेकरचं कार्ड फाइलमध्ये सापडलं. मग परत करू का?

सिस्टर_कोल्हापूर
कार्डावरचं मॉडेल सांगून उद्या सकाळीच कार्डिओलॉजिस्टना विचारा, मुदत संपायच्या आत. ते हो म्हणाले तर कानात घालू देत, डबी मात्र टेबलावर. आणि पेसमेकरची तपासणी राहिली असेल तर तीही करून घ्या.

विजू७२
खिशातल्या मोबाइललाही हेच लागू का? माझ्या मोठ्या भावाला पेसमेकर आहे.

सिस्टर_कोल्हापूर
हो. पेसमेकर ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावायचा आणि पँटच्या खिशात ठेवायचा.