मदत हवी आहे: ठिबकने पाणी खरंच वाचतं का?
मंडळी, काकांशी दोन दिवस वाद चाललाय. मी म्हणतो ठिबकने पाणी वाचतं, ते म्हणतात वाचलेल्या पाण्यावर आपण अजून दोन एकर ऊस लावला, मग विहिरीला काय मिळालं? शोधलं तर जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल हेच मांडलेलं, इंजिन कमी कोळसा खायला लागलं तसं ते जास्त ठिकाणी परवडायला लागलं आणि एकूण खप वाढतच गेला. शिवाय पाटपाण्यातलं थोडं मुरून परत विहिरीत येतं, ठिबकमध्ये तेही कमी, हे मला पटलं. पण म्हणून ठिबक काढायचं नाही, आधी क्षेत्र ठरवायला हवं असं मला वाटतं. हिवरे बाजार गावासारखा पाण्याचा ताळेबंद (म्हणजे किती पाणी आहे ते मोजून त्यावर पिकं ठरवणं) कुणी आपल्या गावात केलाय का? सुरुवात कशी केली, विहिरीची पातळी कशी मोजता, प्लीज सविस्तर सांगा.