अनुभव धागा: जंगलात मोठा प्राणी समोर आला तेव्हा

व्याघ्र प्रकल्पांच्या प्रवेशद्वारांवर नियमांचे फलक असतात, परंतु ते नियम कशासाठी केले आहेत हे बहुधा प्रत्यक्ष प्रसंगातच उमगते. म्हणून वाघ किती जवळून दिसला हे न सांगता, प्राणी समोर आल्यावर त्याने काय केले आणि सोबतच्या जाणत्या माणसाने काय केले, हे येथे लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो.

ताडोबात मोहर्लीच्या बाजूला एक वाघीण बांबूच्या बेटातून रस्त्यावर येण्याच्या बेतात होती. आमच्या गाईडने जिप्सी पुढे नेण्याऐवजी मागे घ्यायला लावली, तेव्हा गाडीतील काही जणांनी उघड नाराजी दाखवली. वाघीण रस्ता ओलांडून गेली आणि तिच्या मागून दोन बछडे धावत गेले. गाडी पुढे गेली असती, तर ती नेमकी आई आणि पिल्लांच्या मध्ये उभी राहिली असती. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर ठेवावे, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात बछड्यांसह निघालेल्या वाघिणीची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली आणि त्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून घ्यावी लागली.

चंद्रपूर जिल्ह्यातून

गाडीत बसलेल्यांना अंतर मोजता येते. आमच्याकडे लोक पायी जंगलात जातात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे गळतात आणि गुरांनी खाण्याआधी ती वेचावी लागतात, त्यामुळे बायका अंधारातच घराबाहेर पडतात. खाली वाकून वेचणारे माणूस वाघाला माणसासारखे दिसत नाही, एखाद्या चार पायांच्या जनावरासारखे दिसते, असे आमच्याकडचे जुने लोक सांगतात. म्हणून माझी मामी एकटी कधीच जात नाही. गटातील एक जण आळीपाळीने उभा राहून चौफेर नजर ठेवतो आणि पुरते उजाडल्याशिवाय कोणी दाट झुडपाकडे वळत नाही. मोहाखाली वाघापेक्षा अस्वलाची धास्ती अधिक असते, कारण त्यालाही ही फुले प्रिय असतात आणि खाली मान घालून खाण्यात गुंगलेल्या अस्वलाला माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. ते दचकले की पळण्याऐवजी थेट अंगावर येते आणि तोंडावर पंजे मारते. त्यामुळे झाडाजवळ जाताना मोठ्याने बोलत, काठी आपटत जायचे, म्हणजे त्याला आधीच निघून जायला वेळ मिळतो. जंगलात शांतता पाळावी हा नियम सफारीपुरता योग्य आहे, पायी चालणाऱ्याने तो पाळू नये. अलीकडे काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात. त्यामुळे वाकणेही कमी होते आणि फुले दिसावीत म्हणून पाचोळा पेटवण्याची गरजही उरत नाही.

कोल्हापूरहून

राधानगरी अभयारण्यात वाघापेक्षा गव्याचा विचार आधी करावा लागतो. पूर्ण वाढलेला नर टनभर वजनाचा असू शकतो, आणि तरीही गवत खाणारा म्हणून लोक त्याला म्हशीइतकाच गरीब समजतात. दाजीपूरच्या रस्त्यावर धुक्यात एक एकटा नर उभा होता. तो पळाला नाही, हळूच वळून त्याने आपली पूर्ण बाजू आम्हांला दाखवली. वनमजुरांनी सांगितले की, ही त्याची आकार दाखवण्याची रीत आहे आणि त्यानंतर मान खाली जाऊन फुत्कार सुरू झाला, तर मागे हटायलाही उशीर झालेला असतो. हॉर्न न वाजवता, प्रखर दिवे मंद करून आम्ही थांबलो आणि तो आपल्या वेळेने उतारावर गेला. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात वाट चुकून आलेल्या गव्यामागे जमाव धावला आणि अखेर तो मरण पावला. घाबरलेला गवा माणसालाही मारू शकतो आणि स्वतःही मरू शकतो.

सिएटलहून

गव्याविषयी वर लिहिले आहे ते अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील बायसन या रानटी बैलालाही लागू पडते. तेथे बायसनपासून २३ मीटर, तर अस्वल आणि लांडग्यापासून ९१ मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. तरीही त्या उद्यानात सर्वाधिक माणसांना जखमी केले आहे ते बायसनने. फोटोसाठी चालत जवळ गेलेल्यांना तो संथ वाटतो, पण माणसाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने तो धावू शकतो. शेपटी उभी झाली की परत फिरावे, असे तेथील रेंजरनी आम्हांला बजावले होते. पायवाटेवर तोच आडवा बसला असेल, तर वळसा घालावा किंवा तो बेत सोडावा.

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान पाहून आलेला एक वाचक

तेथे स्वतःची गाडी चालवता येते, म्हणून मोह अधिक होतो. डोळा आणि कान यांच्यामधून स्राव ओघळत असलेला, म्हणजे माजावर आलेला नर हत्ती दिसला की गाडी दुरूनच मागे घ्यावी. मागे गाड्यांची रांग लागली असेल, तर ही वाट बंद होते. म्हणून पुढच्या गाडीला मागे येता यावे यासाठी आम्ही तिच्या पाठीला कधीच चिकटलो नाही.

बोरिवलीहून

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्यांसाठी एवढेच लिहितो. संध्याकाळनंतर लहान मुलांना मोठ्यांच्या मध्ये चालवावे. बिबट्या दिसला तर धावू नये, बसू नये आणि बुटाची नाडी बांधायलाही वाकू नये. त्याच्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरावे. इमारतीच्या आवारात तो शिरला असेल, तर गर्दी आत शिरण्याआधी एक फाटक उघडे ठेवून वनविभागाला कळवावे.