भाड्याच्या घरातील ओल आणि बुरशी: दोष कोणाचा, दुरुस्ती कोणाची?

रावपुऱ्यातील भाडेकरू (प्रश्न)

नमस्कार. गेल्या नोव्हेंबरपासून आम्ही बडोद्यात, रावपुऱ्यामागच्या एका गल्लीत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर भाड्याने राहत आहोत. घर पाहिले तेव्हा हवा कोरडी होती, भिंतींना नुकताच रंग दिलेला होता आणि संशय घ्यावा असे काहीच दिसले नाही. जूनअखेर पाऊस स्थिरावला आणि पुढच्या तीन आठवड्यांत घराची कळा बदलली. रस्त्याकडच्या खोलीत भिंतीचा रंग जमिनीपासून साधारण कमरेपर्यंत फुगला असून त्याचे पोपडे पडत आहेत. पोपड्यांखाली मिठासारखी पांढरी भुकटी साचते आणि ती झाडून काढली तरी आठवड्याभरात पुन्हा येते. मधल्या खोलीत मात्र प्रकार वेगळा आहे. तेथे रंग शाबूत आहे, पण परवा लाकडी कपाट सरकवले तेव्हा त्यामागे भिंतभर हिरवट-काळे ठिपके दिसले. कपाटाची प्लायची पाठही तशीच झाली आहे, आणि सासूबाईंच्या जुन्या रेशमी साड्यांना असा कुबट वास लागला आहे की त्या बाहेर काढवत नाहीत.

घरमालकांना दाखवले. ते वयस्कर आहेत, बोलायला सौम्य आहेत, पण त्यांचे उत्तर ठरलेले आहे: "चोमासामां तो भेज रहे ज" (पावसाळ्यात ओल राहणारच). त्यांच्या मते आम्ही खिडक्या बंद ठेवतो आणि कपडे घरात वाळत घालतो, त्यामुळे हे झाले. कपडे आम्ही घरात वाळत घालतो हे खरे आहे. गच्ची वरच्या बिऱ्हाडाकडे आहे, तर आम्ही दुसरे काय करणार? अकरा महिन्यांचा करार ऑक्टोबरमध्ये संपतो आणि अनामत रकमेतून रंगाचा खर्च कापला जाईल असे त्यांनी आताच सुचवले आहे. पाच वर्षांच्या मुलीला रात्री खोकला येतो, तो याच कारणाने येतो की ऋतुमानाने, हे कळत नाही. आम्ही नेमके काय करावे, आणि दोष खरोखर आमचा आहे का?

निवृत्त स्थापत्य अभियंता

ताई, आपण दोन खोल्यांचे वर्णन वेगवेगळे केले हे फार बरे झाले, कारण माझ्या मते आपल्या घरात दोन निरनिराळे आजार आहेत आणि त्यांना एकच औषध दिले तर दोन्ही बरे होणार नाहीत. बुरशी हे लक्षण आहे. तिचे बीजकण हवेत सर्वत्र असतात. ते रुजायला ओलावा मिळाला की रंगातील, लाकडातील किंवा नुसत्या धुळीतील सेंद्रिय अंशावर ती वाढते. त्यामुळे पाणी कोठून येते हा पहिला प्रश्न आहे, आणि खर्च कोणी करायचा हा दुसरा प्रश्न बहुधा त्याच्याच उत्तरात सुटतो.

रस्त्याकडच्या भिंतीचे लक्षण स्पष्ट आहे. कमरेपर्यंतची ओल आणि पांढरी भुकटी, म्हणजे ज्याला आपण लोणा लागणे म्हणतो ते, जमिनीतून वर चढणाऱ्या पाण्याचे चिन्ह आहे. विटा आणि चुना सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर ओढतात, साधारणपणे मीटरभर उंचीपर्यंत. ते पाणी पृष्ठभागावरून उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. हल्लीच्या बांधकामात जोत्याच्या पातळीवर ओलप्रतिबंधक थर घालतात, पण जुन्या वाड्यांत तो बहुधा नसतो. शिवाय आपल्या गल्लीत एकदा बारकाईने पाहा: रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत गेल्याने पूर्वी तीन पायऱ्या असलेला ओटा आज एका पायरीवर आलेला असेल. तसे असेल तर जोते रस्त्याच्या पातळीला टेकले आहे आणि पावसाचे पाणी थेट भिंतीच्या पायाशी मुरत आहे.

ही भिंत कधीतरी सिमेंटने गिलावली आहे का, हे मालकांना जरूर विचारा. चुन्याची भिंत ओलावा घेते तशी सोडतेही. तिच्यावर आतून सिमेंटचा गिलावा किंवा 'वॉटरप्रूफ' रंग चढवला की पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि ओल आणखी वर चढते. पुष्कळ घरांत पैसे खर्च करून ओल वाढवलेली मी पाहिली आहे.

मधल्या खोलीबद्दल मला वेगळी शंका आहे. तेथे क्षार नाहीत, पोपडे नाहीत, आणि बुरशी हवा न खेळणाऱ्या कपाटामागेच आहे; हे हवेतील बाष्प भिंतीवर जमण्याचे लक्षण वाटते. ३० अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू साधारण २६ अंश असतो, म्हणजे त्याहून थंड पृष्ठभागावर तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. पावसाळ्यात तळमजल्याची फरशी घाम आल्यासारखी ओली होते ती याच कारणाने. म्हणून त्या भिंतीच्या पलीकडे तिला थंड करणारे काय आहे ते पाहा.

तर्कावर थांबण्याऐवजी एक सोपी चाचणी करा. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोनी तुकडा दोन्ही भिंतींवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा. जागा कोरड्या फडक्याने पुसून घ्या, आणि पोपडे पडलेल्या ठिकाणी थोडा घट्ट भाग निवडा. दोन दिवसांनी काढून पाहा. थेंब फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला असतील तर पाणी हवेतले आहे, आणि भिंतीकडच्या बाजूला असतील तर ते भिंतीतून येत आहे.

मांजलपूरचा घरमालक

येथे सगळे घरमालकालाच झोडपतील, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझ्या दोन सदनिका भाड्याने दिलेल्या आहेत. एकाच इमारतीत, एकाच बाजूला, वरखाली. वरच्या घरात बुरशीचा मागमूस नाही, खालच्यात दरवर्षी असते, आणि फरक राहण्याच्या पद्धतीचा आहे. कुकर, अंघोळ आणि घरात वाळणारे कपडे यांचे पाणी कोठेतरी जाणारच. कपड्यांच्या एका धुलाईतून सहज लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत मिसळते. एक्झॉस्ट पंखा बसवून दिला तर तो आवाज करतो म्हणून बंद ठेवतात! मोठे कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटे जागा सोडा, हे मी आता करारातच लिहितो.

अभियंताकाकांचे सिमेंटबद्दलचे म्हणणे मात्र मला मान्य करावे लागते. वडिलोपार्जित घराच्या भिंतीला मी चार फूट उंचीपर्यंत टाइल लावल्या, आणि पुढच्या पावसाळ्यात ओल पाचव्या फुटावर दिसली.

समा भागातील रहिवासी

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले होते, त्या अनुभवावरून साफसफाईपुरते लिहितो.

कोरडी बुरशी झाडूने किंवा ब्रशने कधीही खरवडू नये, कारण त्यामुळे बीजकण घरभर पसरतात. आधी साबणाच्या पाण्याने जागा भिजवावी, मग ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. या वेळी एन-९५ मुखपट्टी आणि हातमोजे घालावेत, मुलीला दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि खिडकी उघडी असावी. साधारण तीन फूट लांब-रुंद भागापर्यंतचे काम घरच्या घरी करता येते; त्याहून मोठा भाग असेल तर जाणकार माणूस बोलवावा. ब्लीच टाइलवर किंवा काचेवर ठीक आहे, पण गिलाव्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण औषध वरच राहते आणि त्यातील पाणी आत मुरते. ते शौचालय साफ करण्याच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रावणात चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. आमच्या शेजाऱ्यांनी उत्साहाच्या भरात हा प्रयोग केला होता आणि सगळे कुटुंब जिन्यात येऊन बसले होते.

कपाटाची प्लायची पाठ आतपर्यंत काळी झाली असेल तर ती बदलावी. गाद्यांचा तर मोह धरूच नये. साड्या सावलीत, वाऱ्यावर पसराव्यात आणि डांबरगोळ्यांवर विसंबू नये, कारण त्या कसरीसाठी असतात, ओलाव्यासाठी नव्हे. कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे डबे बंद कपाटात चांगले काम करतात, मात्र त्यात साचणारे खारे पाणी साडीवर सांडले तर डाग पडतो आणि ते मुलांच्या हाती लागता कामा नये. उघड्या खोलीत त्या डब्यांचा काही उपयोग नाही.

खोकल्याबद्दल डॉक्टरांनाच विचारा, पण घरातील ओल त्यांना अवश्य सांगा. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दम्याचा व श्वसनाचा त्रास अधिक आढळतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट नोंदवले आहे. बुरशी काळी असली तरच घातक आणि हिरवी असली तर निरुपद्रवी, ही समजूत खरी नाही.

रावपुऱ्यातील भाडेकरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फॉइलची चाचणी केली आणि निकाल पाहून मी जरा वरमले आहे. रस्त्याकडच्या खोलीत फॉइलची भिंतीकडची बाजू ओलीचिंब होती. मधल्या खोलीत मात्र थेंब खोलीकडच्या बाजूला होते. भिंतीपलीकडे आमचीच झोपण्याची खोली आहे, मध्ये साडेचार इंचांची नवी भिंत आहे, आणि रात्रभर एसी २० अंशांवर चालतो. म्हणजे एका खोलीत मालक चुकत आहेत आणि दुसरीत आम्ही. ओट्याचेही काकांनी लिहिले तसेच निघाले: शेजारच्या आजी म्हणाल्या की त्यांच्या लग्नाच्या वेळी चार पायऱ्या होत्या. आज एक आहे.

आता मालकांशी बोलताना कोणती भाषा वापरावी? भांडण नको आहे, पण अनामत रक्कमही सोडायची नाही.

दांडिया बाजारातील वाचक

मी वकिली करत होतो, म्हणून थोडे लिहितो. मात्र आपला करार वाचल्याशिवाय दिलेला हा सल्ला सर्वसाधारण समजावा.

संपत्ती हस्तांतरण अधिनियम, १८८२ यातील कलम १०८ प्रथम पाहा. करारात वेगळे काही ठरलेले नसेल तेव्हा ते लागू होते. मालकाला माहीत असलेला, पण भाडेकरूला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे त्याचे कर्तव्य आहे. नव्या रंगाखाली झाकलेला लोणा यात बसू शकतो, परंतु मालकाला तो ठाऊक होता हे दाखवावे लागेल. जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती सूचना देऊनही वाजवी मुदतीत झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. 'बंधनकारक' हा शब्द येथे कळीचा आहे, आणि ते बंधन आहे की नाही हे करारावरून ठरते. म्हणून परस्पर भाडे कापण्याची घाई करू नये. भाडेकरूने घर घेतले त्या स्थितीत परत द्यायचे असते, पण वाजवी झीज त्यातून वगळलेली आहे. जमिनीतून चढलेल्या ओलीने गेलेला रंग आपल्या अनामत रकमेतून कापणे मला टिकणारे वाटत नाही.

केंद्राने २०२१ मध्ये नमुना भाडेकरार कायदा तयार केला. त्याच्या परिशिष्टात इमारतीची संरचनात्मक दुरुस्ती आणि भिंतींची रंगसफेदी मालकाकडे दिली आहे, अर्थात भाडेकरूने नुकसान केले नसेल तर. हा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही; पण पुढचा करार लिहिताना तीच यादी समोर ठेवून बोलता येते.

पत्र लिहाल तेव्हा मधल्या खोलीची जबाबदारी आपण होऊन मान्य करा. त्यामुळे पहिल्या खोलीबद्दलच्या आपल्या म्हणण्याला वजन येईल. सोबत तारखेसह छायाचित्रे जोडा, फॉइलचीही, आणि पत्राची पोच घ्या. नुसत्या तोंडी बोलण्यावर राहू नका. वयस्कर सौम्य माणसे ऑक्टोबरमध्ये विसरतात.

निवृत्त स्थापत्य अभियंता

वकीलसाहेबांच्या सल्ल्यात एका तांत्रिक गोष्टीची भर घालतो, अन्यथा मालक उत्साहाने आत्ताच रंगारी पाठवतील. पावसाळ्यात या भिंतीला हात लावू नये. भिंत वाळण्याचा जुना ठोकताळा महिन्याला एक इंच असा आहे, आणि वाड्याची बाहेरची भिंत चौदा इंचांपेक्षा कमी नसते. आता गटाराची गळती आणि गच्चीवरून उतरणारा पाण्याचा नळ भिंतीच्या पायाशी सुटतो का, एवढे तपासावे आणि असल्यास तो दूर वळवावा. दिवाळीनंतर कोरड्या हवेत खालचा क्षारलेला गिलावा ओलीच्या खुणेच्या वर हातभरापर्यंत पूर्ण काढावा लागेल, कारण त्यातील क्षार दमट हवेतूनही पाणी ओढून घेतात. विटा काही आठवडे उघड्या ठेवून मग चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचीच सफेदी द्यावी. चुना अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचा) असल्याने त्याच्यावर बुरशी सहज धरत नाही.

मधल्या खोलीसाठी एसी २६ अंशांवर ठेवा, कपाट दुसऱ्या भिंतीला न्या आणि कपडे शक्यतो एकाच खोलीत, दार बंद करून, पंख्याखाली व चालू एक्झॉस्टसमोर वाळवा. बाहेर पाऊस पडत असताना दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवून घर कोरडे होत नाही. ऊन पडेल त्या दोन-तीन तासांत उघडा. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घेऊन भिंतीवर टांगा आणि आकडा ६० टक्क्यांच्या खाली आणण्याचा प्रयत्न करा. ऑगस्टमध्ये बडोद्यात तो रोज साधणार नाही, पण कोणत्या उपायाने किती फरक पडला हे आपल्यालाही कळेल आणि मालकांनाही दाखवता येईल.

रावपुऱ्यातील भाडेकरू

पत्र काल दिले, पोच घेतली. मालकांनी ते दोनदा वाचले, मग ओट्यावर येऊन ती उरलेली एक पायरी बराच वेळ पाहत उभे राहिले. गिलावा सिमेंटचाच आहे आणि तो त्यांनी २०१९ च्या पुरानंतर करून घेतला होता, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. गटाराचा प्लंबर सोमवारी येणार आहे. दिवाळीनंतरच्या कामाचा खर्च ते करतील असे म्हणाले आहेत, पण ते अजून कागदावर यायचे आहे. एसी २६ वर आहे. यजमानांची तक्रार सुरू झाली आहे.